जुनेर नको, जुना कपडा चालेल

चळवळीतली काही पोरं जुन्या बाजारात जायला लाजतात. म्हणतात, दुसऱ्याचं उतरलेलं अंगात घालायचं? बापजाद्यांनी घातलं तेवढं बस झालं.

ही लाज उगाच नाही. चांडाळानं मेलेल्याचे कपडे घालावेत, असं मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय. गावात मढ्यावरचं कापड महाराच्या वाट्याला आलं आणि त्यालाच हक्क म्हटलं गेलं. वाड्यावरचं जुनेर आपल्या आयांच्या पदरात वरून पडायचं. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ती पोथी जाळली. त्याच मुक्कामात बायांना सांगितलं: स्वच्छ राहा, लुगडं नीट नेसा, जातीची खूण दाखवणारे दागिने टाकून द्या.

पण विटाळ कापडात नव्हता, देणाऱ्याच्या हातात होता. जुनेर पदरात पडतं तेव्हा निवडता येत नाही, भाव करता येत नाही, नको म्हणता येत नाही. बाजारात ही तिन्ही कामं करता येतात.

हा माल येतो कुठून? बोहारीण डोक्यावर भांडी घेऊन दारोदार फिरते, भांडं देते, कपडे घेते. मुंबईत या धंद्यात वाघरी समाजाच्या बाया पुष्कळ. घेणारे तो माल धुतात, रफू करतात, इस्त्री मारून रस्त्यावर मांडतात. एका शर्टावर इतक्या कष्टकऱ्यांचे हात फिरलेले असतात. त्यात कुणाचे उपकार नाहीत.

तर नीट बघून घ्या. गिरणीत सूत हाताळून जे कळलं ते सांगतो. कापड उजेडापुढं धरा. कोपर, गुडघा, बूड आधी विरतं. कॉलरची घडी झिजली असली तर घाबरू नका, शिंपी ती उलटवून देतो. काखेतला जुना पिवळा डाग सहसा जात नाही, तो शर्ट सोडा. शिवण दोन्हीकडून ओढून बघा. दोरा तुटला तर पुन्हा शिवता येतं. सूतच सरकलं असेल तर कापड मेलं. पॅंट घट्ट असली तर मागची शिवण बघा. आत माया असेल तर उसवून सैल होते. सुती कपडा घरी आणून आधी गरम पाण्यातून काढा.

भाव जरूर करा, पण विकणाऱ्या बाईच्या पोटावर पाय देऊ नका. आणि कुणी साहेब "घे रे, तुला होईल" म्हणत शर्ट पुढं करील, तर तो कोरा करकरीत असला तरी हात लावू नका.