आठ औंसांचे ग्लोव्हज आणि कलम २५

२ एप्रिल २०२५, बुधवार

लॉ कॉलेजच्या कार्यालयातून हजेरी काढून घेतली. फौजदारी कायद्यात ६८ टक्के. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे ७० हवेत. अकोल्याला बी.ए. करताना आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले की ते दिवस हजर धरायचे. हौशी खेळाडूला राज्यात सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षणही आहे. आता मी व्यावसायिक बॉक्सर. पैसे घेऊन लढते, म्हणजे ना जिल्ह्याची ना विद्यापीठाची. फाईटच्या आठवड्यात मी नुसतीच गैरहजर, कुणाच्या लग्नाला गेल्यासारखी. हे मला पटत नाही. घाम तोच, पहाटेचं धावणंही तेच. यापुढचा एकही तास चुकवायचा नाही.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी स्पॅरिंग, सहा राऊंड. बायकांच्या व्यावसायिक लढतीत राऊंड दोन मिनिटांचा असतो, त्यामुळे श्वास घ्यायला थांबावं असं वाटेपर्यंत घंटा होते. स्पॅरिंगला जाड ग्लोव्हज आणि हेडगार्ड. लढतीला माझ्या वजनात आठ औंस आणि डोकं उघडं. हौशी लढायचे तेव्हा दहा औंस होते, शिवाय हेडगार्ड. दोन औंस म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम, पण समोरचीची बोटं कुठं संपतात ते गालाला कळतं.

दुपारी भारतीय न्याय संहिता. कलम २५: अठरा वर्षांवरच्या माणसाने संमती दिली असेल, मृत्यू किंवा जबर दुखापत करायचा मारणाऱ्याचा हेतू नसेल आणि तसं होण्याचा संभव आहे हे त्याला माहीतही नसेल, तर ती इजा गुन्हा नाही. खाली उदाहरण आहे मौजेखातर तलवारबाजी करणाऱ्या दोघांचं. मग कलम ११६ उघडलं. हाड मोडलं, दात पडला, तरी ती जबर दुखापत. आणि जिममधले सर पॅड धरून रोज ओरडतात, "हनुवटी बघ, हनुवटी!" जबडा मोडू शकतो हे मला पक्कं माहीत आहे. मग या कलमात मी बसते कशी?

इंग्लंडमध्ये १८८२ च्या कोनी खटल्यात इनामी लढती बेकायदा ठरल्या, दोघांची संमती असली तरी. नियमांत बांधलेलं बॉक्सिंग मात्र तिथल्या न्यायालयांनी पुढे अपवाद म्हणून मान्य केलं. रात्री अकरापर्यंत हेच वाचत बसले. झोप कमी झाली, पण पुस्तक पहिल्यांदाच माझ्याबद्दल बोलत होतं.

८ एप्रिल, मंगळवार

आयोजकांचा नवा करार आलाय. दोन वर्षं त्यांच्याकडेच लढायचं, आणि मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी त्यांना दाखवायचा. पूर्वी मी शेवटचं पान उघडून सही केली असती. आमच्या जिममधल्या बहुतेक पोरी आजही तेच करतात, कारण फाईट मिळणंच मुश्कील असतं.

पण परवाच वर्गात करार कायद्याचं कलम २७ झालं, आणि त्याबरोबर आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला. त्याच्या एजन्सीच्या करारात असंच कलम होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, करार संपल्यावर ते लागू करता येणार नाही. मी त्या ओळीवर काट मारली आणि खाली दोन ओळी घातल्या: दुखापतीचा विमा, आणि रिंगजवळ डॉक्टर व रुग्णवाहिका. उद्या पाठवते.

ह्यूस्टनचा हुआन डियाझ आठवला. २००४ मध्ये विशीतच जागतिक विजेता झाला, आणि पट्टा कमरेला असतानाच विद्यापीठात राज्यशास्त्र शिकत राहिला. पुढे वकिलीकडे वळायचं त्याच्या मनात होतं. लोक मला विचारतात, "बॉक्सिंग सुटल्यावर वकिली करणार का?" सुटल्यावर कशाला? मला कायदा आत्ता लागतो.

१४ एप्रिल, सोमवार

बाबासाहेबांची जयंती. वसतिगृहातल्या मुलींनी अठरा तास अभ्यासाला बैठक मारली. मीही वही घेऊन बसले. वजन ५५ किलोच्या वर, लढतीसाठी शुक्रवारी ५३.५ च्या आत हवं. भात बंद, मीठ बंद. तीन तास बरे गेले, मग एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा. वेळ काढता येतो, पण उपाशी डोक्यात अक्षर शिरत नाही. वेळापत्रक आखून देणाऱ्यांना हे कळत नाही. शेजारची मुलगी मोठ्याने वाचू लागली, मी ऐकत राहिले.

आईचा फोन: "जेवली काय वं?" हो म्हटलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

५३.४. नारळपाणी, मग वरणभात.

२० एप्रिल, रविवार

काल गुणांवर जिंकले. चौथ्या राऊंडला तिचा उजवा हात कानामागे बसला. पाचवा राऊंड मला आठवत नाही. आज व्हिडिओ पाहिला. मी लढतेय, जॅब टाकतेय, क्लिंचही करतेय, आणि त्यातलं काहीच माझ्याकडे नाही. डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला, तो ठीक आला. महिनाभर स्पॅरिंग बंद, दोन दिवस वाचन बंद.

२३ एप्रिल, बुधवार

वर्गात संमतीवर चर्चा निघाली. मी उठून १९८२ ची लढत सांगितली. दक्षिण कोरियाचा डुक कू किम लास वेगासला चौदाव्या राऊंडपर्यंत लढला आणि काही दिवसांनी दवाखान्यातच वारला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जागतिक लढती पंधरावरून बारा राऊंडवर आणल्या. मग माझं सांगितलं: "मॅडम, चौथ्या राऊंडपर्यंत संमती माझी होती. पाचव्यात मी शुद्धीवर होते असं मला म्हणता येत नाही. तेव्हा संमती कुणाची?"

मॅडम थोडं थांबून म्हणाल्या, "पंचाची की तुझ्या कोपऱ्यातल्या माणसांची, यावरच प्रकल्प लिही. १५ मेपर्यंत दे."

संध्याकाळी जिममध्ये सरांना विचारलं, लढत थांबवायला टॉवेल कधी टाकाल? "तू चिडलीस तरी टाकीन," म्हणाले. शनिवारी का नाही टाकला, हे मी विचारलं नाही, पण विचारणार आहे. त्यांचं उत्तर प्रकल्पात हवं, आणि पुढच्या करारातही.