कापलेल्या बुंध्यांवरचं अरण्य

व्हँकूवर शहराचा कारभार १८८६च्या मे महिन्यात सुरू झाला. गावात तेव्हा धड रस्तेही नव्हते, आणि पुढच्याच महिन्यात लागलेल्या आगीत जे काही उभं होतं त्यातलं बहुतेक जळून गेलं. तरी या नवख्या नगर परिषदेनं अगदी सुरुवातीलाच एक ठराव करून ठेवला होता. शहराच्या टोकाशी समुद्रात घुसलेली, लष्करासाठी राखलेली जंगलाची जमीन उद्यानासाठी द्यावी, अशी विनंती केंद्र सरकारला करायची. विनंती मान्य झाली, २७ सप्टेंबर १८८८ रोजी उद्यान लोकांसाठी खुलं झालं आणि कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांचं नाव त्याला मिळालं. सुमारे चारशे हेक्टर, म्हणजे हजार एकर. जवळजवळ चहूबाजूंनी पाणी, आणि जमिनीला जोडणाऱ्या चिंचोळ्या बाजूला लगटून उभे काचेचे टॉवर.

स्टॅन्ली पार्कबद्दल बोलताना लोक हमखास म्हणतात की माणसाचा हात न लागलेलं जंगल शहराच्या मधोमध तसंच राहिलंय. जूनमध्ये भाचीकडे गेले तेव्हा माझ्याही मनात तेच चित्र होतं. तिनं निघतानाच बजावलं, "मावशी, चपला नकोत, बूट घाल. पाण्याच्या कडेनं अख्खा फेरा नऊ किलोमीटरचा आहे, आणि जंगलात शिरलीस की तू लवकर बाहेर येणार नाहीस." झालंही तसंच. पण बाहेर आले ती, या जंगलाला माणसाचा हात किती ठिकाणी आणि किती खोलवर लागलाय हे पाहून.

पहिला हात दिसतो तो भिंतीत. उद्यानाला वळसा घालणारी दगडी सीवॉल १९१७मध्ये बांधायला घेतली आणि तिचा पूर्ण फेरा १९८०मध्ये जोडला गेला. बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांच्या लाटा आणि वादळं किनारा कुरतडत होती. ती झीज थोपवायला भिंत हवी होती. त्रेसष्ट वर्षांच्या या कामातला मोठा काळ एका माणसाचा आहे. जेम्स कनिंगहॅम हे मूळचे स्कॉटलंडचे पाथरवट. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी या बांधकामाची धुरा सांभाळली. १९५५मध्ये निवृत्त झाल्यावरही काम बघायला यायचं त्यांनी सोडलं नाही. १९६३मध्ये ते वारले. भिंत तेव्हाही अपुरीच होती. त्यांच्या नावाची पाटी भिंतीपाशीच लावलेली आहे. मी वाकून त्या चिऱ्यांवरून हात फिरवला. एकही चिरा दुसऱ्यासारखा नाही, तरी सांधे असे बसलेत की वाळूचा कणच काय तो आत जाईल. मंदीच्या काळात बेकार झालेल्या कितीतरी माणसांच्या हाताला या भिंतीनं काम दिलं.

चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना वेगळ्या पट्ट्या आहेत, आणि सायकली एकाच दिशेनं, घड्याळाच्या उलट जातात. आम्हीही त्याच दिशेनं निघालो. उजव्या हाताला कोल हार्बरचं शांत पाणी, त्यात शिडाच्या बोटी, पलीकडे शहर. याच पाण्यात, बरार्ड इनलेटमध्ये, १९१४च्या उन्हाळ्यात 'कोमागाता मारू' जहाज दोन महिने नांगरून पडलं होतं. त्यावर ३७६ प्रवासी होते, बहुतेक पंजाबी शीख. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन असूनही त्यांतल्या बहुतेकांना साम्राज्याच्याच या बंदरात उतरू दिलं नाही, आणि २३ जुलैला जहाज परत पाठवलं. किनाऱ्यावरून लोक ते बघायला येत. आज कोल हार्बरच्या काठी त्यांचं स्मारक आहे. भारतातून आलेल्या माणसानं हा फेरा त्या जहाजाची आठवण काढल्याशिवाय पुरा करू नये, असं मला मनापासून वाटतं.

थोडं पुढे रात्री नऊला धडाडणारी तोफ आहे. १८१६मध्ये इंग्लंडात ओतलेली. तिला पिंजऱ्यात ठेवलंय.

मग ब्रॉक्टन पॉइंटचे टोटेम खांब लागतात. गरुड, अस्वल, मासा यांचे चेहरे एकावर एक कोरलेले हे उंच रंगीत खांब म्हणजे उद्यानातली सगळ्यात गर्दीची जागा. प्रत्येक बस इथे थांबते. फोटो काढून झाल्यावर पाट्या वाचायला लागलं की एक गोष्ट ध्यानात येते. यातले बरेचसे खांब इथले नव्हेतच. १९२०च्या दशकात उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या हायडा आणि क्वाक्वाकावाक्व लोकांच्या मुलखातून खांब आणून उद्यानात उभे करायला सुरुवात झाली. झिजलेले मूळ खांब पुढे संग्रहालयांत गेले आणि त्यांच्या जागी नवे कोरून आले. ज्यांची ही भूमी, ते मस्क्वियम, स्क्वामिश आणि ट्स्लेल-वॉटुथ लोक असले उंच खांब उभारतच नसत. त्यांचं कोरीवकाम घरांच्या खांबांवर असे.

आणि त्यांची घरं इथेच होती. किनाऱ्यानं आणखी पुढे, आज लम्बरमेन्स आर्च म्हणतात त्या हिरवळीवर, ख्वायख्वाय नावाचं त्यांचं जुनं गाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या कालवा-तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे तिथे थर साचले होते. १८८८मध्ये उद्यानाचा रस्ता आखला तेव्हा तेच शिंपले खणून रस्त्यावर पसरले. ऑगस्ट जॅक खात्सालानो तेव्हा लहान होते. घरचे जेवायला बसले असताना रस्त्याची माणसं आली आणि घराचा एक कोपरा आडवा येतो म्हणून त्यांनी तो तोडला, ही हकिगत त्यांनी पुढे शहराचे अभिलेखपाल मेजर मॅथ्यूज यांना सांगितली, म्हणून ती आज आपल्याला कळते. ब्रॉक्टन पॉइंटवरही मिश्र वंशाच्या कुटुंबांची वस्ती होती. १९२०च्या दशकात शहरानं त्यांच्यावर खटले भरले, ते कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि कुटुंबं हरली. १९३१मध्ये घरं जाळून टाकली. टिम कमिंग्ज यांना मात्र राहू दिलं. १९५८मध्ये ते वारले आणि उद्यानातला शेवटचा रहिवासी गेला. म्हणजे खरे रहिवासी बाहेर काढले जात होते त्याच वर्षांत लांबून आणलेले खांब सजावट म्हणून उभे राहत होते. माणसाचा हात न लागलेलं हे जंगल माणसं हलवून तयार झालं. मला हे सगळ्यात जास्त लागलं.

ब्रॉक्टन पॉइंटच्या वस्तीत वाढलेल्या रोझ यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलानं, रॉबर्ट येल्टन यांनी, कोरलेला खांब २००९ पासून इथे उभा आहे. त्याच्या वर्षभर आधी सुझन पॉइंट या मस्क्वियम कलावतीनं केलेली तीन प्रवेशद्वारं आली. भाची म्हणाली, "मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा या दारांतून तशीच निघून गेले, मावशी. ती कोणाची हे कोणी सांगितलंच नव्हतं."

दुपारी आम्ही किनारा सोडून आत शिरलो आणि दहा पावलांत समुद्राचा आवाज बंद झाला. नेचे कमरेपर्यंत, शेवाळ फांद्याफांद्यांवर, आणि वर हेमलॉक, रेड सीडर, डग्लस फर यांचे सरळसोट बुंधे. पाच लाखांच्या आसपास झाडं आहेत म्हणतात. वाटेच्या कडेला सीडरचा एक जुना बुंधा होता, माझ्याहून उंच, तीन माणसांच्या कवेत न मावणारा, आणि वरून सपाट कापलेला. जमिनीपासून हातभर वर त्याला दोन आडव्या खाचा होत्या, वहीच्या रुंदीच्या, आत शेवाळ भरलेलं. दुरून पाहिलं तर कुणी डोळे कोरलेत असं वाटावं. १८६०च्या दशकापासून या टोकावर लाकूडतोड चालली तेव्हाच्या या खुणा. खाली बुंधा पसरट आणि राळेनं चिकट असे, म्हणून तोडणारे त्यात खाच पाडून फळी खोचत, तिच्यावर उभे राहत आणि वरच्या सडपातळ भागावर करवत चालवत. ओंडके ओढायला त्यांनी ज्या वाटा केल्या त्यांतल्या काही आजच्या पायवाटा आहेत.

त्या बुंध्याच्या डोक्यावर एक हेमलॉक वाढला होता. जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ जसा चिरे कवटाळून खाली उतरतो, तशी त्याची मुळं बुंध्याच्या अंगावरून खाली येऊन जमिनीत शिरली होती. कुजतं लाकूड पाणी धरून ठेवतं, बी त्यावर रुजतं. पावसाळी किनाऱ्यावरच्या या रानांत बरीच नवी झाडं जुन्या झाडांच्या कलेवरावरच उभी राहतात. त्या एका बुंध्यापाशी मी किती वेळ काढला कोणास ठाऊक. उद्यानातलं बाकी काही पाहायला मिळालं नसतं तरी चाललं असतं.

पुन्हा पाण्याकडे उतरलो ते सिवॉश रॉकपाशी. भिंतीपलीकडे समुद्रात एकटा उभा असलेला हा कातळ, माथ्यावर एक डग्लस फर. ओहोटी होती, त्यामुळे पायथ्याचे कालवांसारखे खडबडीत बार्नकल आणि जांभळे तारामासे उघडे पडले होते. स्क्वामिश भाषेत या कातळाला स्वतःचं नाव आहे. 'सिवॉश' हा पुढे आलेला, मूलनिवासींना हिणवायला वापरला जाणारा शब्द. जवळच्या झाडीत पॉलिन जॉन्सन या मोहॉक वंशाच्या कवयित्रीची समाधी आहे. स्क्वामिश प्रमुख जो कॅपिलानो यांच्या तोंडून ऐकलेल्या कथांचं तिचं पुस्तक १९११मध्ये निघालं आणि १९१३मध्ये ती गेली. प्रवेशाजवळच्या लॉस्ट लगून या तळ्याला नाव मिळालं ते तिच्याच कवितेवरून. ते तळं पूर्वी भरती-ओहोटीची खाडी होती; कॉजवे घालून तिचं तोंड बंद केल्यावर तळं झालं. इथे पाणीसुद्धा माणसानं घडवलेलं आहे.

जंगल जपायचं म्हणजे नुसतं कुंपण घालून बसणं नाही, हे या शहराला वादळांनी शिकवलं. १५ डिसेंबर २००६च्या पहाटे ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्यानं सुमारे दहा हजार झाडं पाडली. प्रॉस्पेक्ट पॉइंटजवळचे उतार उघडे झाले, दरडी आल्या, भिंत फुटली. लोकांनी पैसे उभे केले, हजारो रोपं लावली. शेकडो वर्षांचा पोकळ सीडर, ज्याच्या ढोलीत एकेकाळी मोटारी उभ्या करून फोटो काढत, तो त्या वादळात कलला. उद्यान सांभाळणाऱ्या पार्क बोर्डानं तो पाडायचं ठरवलं होतं. नागरिकांनी संस्था काढून, निधी जमवून, आतून पोलादाचा आधार देऊन तो वाचवला. तो जिवंत नाही, पण उभा आहे.

२०२१मध्ये उद्यानातल्या कायोटींनी, म्हणजे कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्यांनी, माणसांना चावे घेतले, आणि शेवटी काही कायोटी मारावे लागले. माणसांनी त्यांना खायला घालायची सवय लावली होती, हे त्यामागचं एक मुख्य कारण. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जंगली जनावराला खाऊ घालणं हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.

सध्याचं संकट छोटंसं आहे, हेमलॉक लूपर नावाच्या पतंगाची अळी. ती इथलीच. पण २०२०च्या आसपास तिनं हेमलॉकच्या सुया इतक्या खाल्ल्या, आणि कोरड्या उन्हाळ्यांनी झाडं इतकी खंगली, की २०२३मध्ये पार्क बोर्डानं सुमारे एक लाख साठ हजार झाडं काढावी लागतील असं जाहीर केलं. पडणाऱ्या झाडांचा धोका आणि वणव्याची भीती ही कारणं दिली. विरोधही झाला, काहीजण न्यायालयात गेले. रस्त्याच्या कडेला मोकळे झालेले पट्टे दिसतात, त्यात सीडर आणि फरची गुडघाभर रोपं. उद्यानाचा शंभर वर्षांचा आराखडा आता मस्क्वियम, स्क्वामिश आणि ट्स्लेल-वॉटुथ या तिन्ही राष्ट्रांसोबत बसून केला जातोय. ज्यांच्या घराचा कोपरा तोडला, त्यांच्या वंशजांना त्या जमिनीबद्दल विचारायला सव्वाशे वर्षं लागली.

तोडीवर भाचीचं आणि माझं जमलं नाही. तिचं म्हणणं, वाळलेलं झाडसुद्धा सुतारपक्ष्याचं घर असतं, बुंध्यावरचा हेमलॉक तूच पाहिलास ना, मग मेलेली झाडं तशीच राहू द्या. माझं म्हणणं, जिथे लाखो माणसं चालतात त्या वाटेवर सुकलेलं झाड ठेवता येत नाही. वाटेलगतची काढा, आतली राहू द्या, आणि काय काढलं ते झाडागणिक लोकांना सांगा. वाद घालतच आम्ही सेकंड बीचजवळ आलो. तिथे टेनिस कोर्टांच्या वरच्या झाडांत बगळ्यांची वसाहत होती. पिल्लांचा कालवा एवढा होता की एकमेकींचं ऐकायला आम्हाला ओरडावं लागत होतं. बस आली तरी ती मेलेल्या झाडांची बाजू मांडतच होती.