बाबांचे थांबे

मंडईत जाताना बाबा हल्ली दर दुकानापाशी थांबतात. मला वाटायचं, भाव बघतात. मग कळलं, पोटरीत गोळा येतो म्हणून थांबतात आणि कुणाला कळू नये म्हणून भाव विचारतात!

डॉक्टरांनी घोट्याचा रक्तदाब मोजला, दंडाचा मोजला, भागाकार केला: ०.६२. ०.९ च्या खाली म्हणजे पायाची धमनी अरुंद झालेली. "पण कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे की," मी रिपोर्ट पुढे केला. लॉगमध्ये एरर नाही म्हणजे बग नाही, असं समजणाऱ्यांपैकी मी.

शनिवारभर वाचत बसलो. एलडीएल किती, एवढाच प्रश्न नसतो. ते धमनीच्या अस्तराखाली शिरतं आणि तिथं ऑक्सिडाइझ होतं, तेल खवट व्हावं तसं. मग पांढऱ्या पेशी ते अधाशासारखं गिळतात, फुगतात, तिथंच साचतात. धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड हे अस्तरच बनवतं. अस्तर बिघडलं की तोही आटतो. बाबांच्या चाळीस वर्षांच्या सिगरेटींनी दोन्हीला हातभार लावला.

म्हटलं, सोपंय, ई जीवनसत्त्व देऊ! बाटली आणलीसुद्धा. नंतर वाचलं, २००० सालच्या 'होप' चाचणीत हृदयविकार, पक्षाघात टाळायला त्याचा काही उपयोग दिसला नव्हता. असो, बाटली कपाटात आहे.

डॉक्टरांचं म्हणणं साधं: सिगरेट बंद, स्टॅटिन चालू, आणि दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

आज सकाळी दोघं निघालो. तिसऱ्या दुकानापाशी बाबा थांबले.

"पोटरी?"

"वांगी," बाबा म्हणाले.