कुठं थांबायचं, सांगा!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी प्रवास कोण ठरवतं? आमच्याकडे आजवर तो एस.टी.ने ठरवला, नाहीतर ह्यांच्या मोटारसायकलने. गाडी थांबेल तिथे उतरायचं नि पदर सावरायचा. ‘इथं थांबा’ असं आपण म्हणायची वेळ लग्नाला बारा वर्षं झाली तरी आली नव्हती.

गेल्या दिवाळीत माझी नणंद इंग्लंडहून माहेरी, वाशीमला आली. तिकडे ती आणि तिची मैत्रीण भाड्याची मोटार घेऊन स्कॉटलंड बघून आल्या होत्या. ड्रायव्हर नाही, आपणच चालवायची! रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, त्यामुळे अवघड गेलं नाही म्हणे. घेतानाच मोटारीवरचा प्रत्येक ओरखडा नोंदवून ठेवायचा, परत देताना ठरल्याप्रमाणे पेट्रोल भरायचं. “आणि वहिनी, तळं दिसलं की थांबायचं. कुणाला विचारायचं नाही!”

मेथी निवडता निवडता सासूबाई एकदम म्हणाल्या, “मले लोणारचं तळं पाह्यचं होतं. राह्यलं.”

आम्ही दोघी गप्पच झालो. लोणार बुलढाणा जिल्ह्यात खरं, पण आम्हाला दोन-अडीच तासांची वाट!

“एस.टी. असताना उगाच खर्च कशाला?” हे म्हणाले. पण सासूबाईंचे गुडघे एस.टी.ची पायरी चढत नाहीत. शाळेत अर्धवेळ शिकवून साठवलेले पैसे मी काढले आणि गाडी ठरवली. तिथेच चुकले. किलोमीटरचा दर विचारला. पण दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, ड्रायव्हरचा भत्ता किती, टोल कुणाकडे, हे विचारलंच नाही. रात्री हिशेब फुगला आणि ह्यांच्या भुवया वर गेल्या. तुम्ही मात्र सगळं आधी लिहून घ्या, निघताना मीटरचा आकडा टिपा. गाडीची पाटी पिवळी आहे ना, तेही बघा. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेणं नियमात बसत नाही.

गुडघ्यांसाठी सासूबाई पुढे बसल्या, आम्ही दोघी मागे. मालेगाववरून शिरपूरला आलो, अंतरिक्ष पार्श्वनाथाला हात जोडले. रिसोडच्या वाटेला लागल्यावर ड्रायव्हर म्हणाला, “काकू, कुठं थांबायचं ते सांगत जा.”

सासूबाई वळून माझ्याकडे बघू लागल्या. “म्याच सांगू?”

थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, त्यांनी एका निंबाखाली गाडी थांबवली. भाकरी-ठेचा खाल्ला. मग तुरीचं फुललेलं शेत बघायला थांबवली. तिसऱ्यांदा कशासाठी, तर नुसतं उतरून उभं राहायला!

लोणार मी वर्गात शिकवते. उल्का आदळून काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेला खड्डा, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी खारट. जून २०२० मध्ये ते सूक्ष्म जीवांमुळे गुलाबी झालं, त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. सगळं पाठ! पण डोळ्यांनी मीही पहिल्यांदाच बघत होते.

खाली उतरणं सासूबाईंना शक्य नव्हतं. त्या काठावरच बसल्या. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “इतक्या जवळ होतं वो माय! चाळीस वर्सात मले कोनी चाल म्हटलं नाही. अन् म्याही कोनाले म्हटलं नाही.”

दुसरं वाक्य मला लागलं. मी तरी बारा वर्षांत त्यांना कधी विचारलं होतं? चहाला साखर किती, हे विचारलं. कुठे जायचंय, हे नाही.

बहिणींनो, मोटार परवडेल न परवडेल. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा एवढं विचाराच.

आता पोहरादेवीचा बेत आहे. हिशेबावर कुरकुरणारे हे परवा म्हणाले, “मीपण येतो.”

सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, “ये. पन मांगं बस. पुढं म्या बसते.”