राजवाड्यातील मुक्काम

क्रोएशियातील स्प्लिट या बंदरात डायोक्लेशियन या रोमन सम्राटाने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेला राजवाडा आजही नांदता असल्यामुळे, तेथे प्रवाशाला भाड्याच्या खोलीत रात्रीचा मुक्काम करता येतो. सुमारे 215 मीटर लांब आणि 180 मीटर रुंद अशा या तटबंद वास्तूत सम्राटाची दालने, देवालये, त्याची नियोजित समाधी आणि रक्षकांची निवासस्थाने यांची एकत्र आखणी असल्याने तिचे स्वरूप निम्मे महालाचे आणि निम्मे लष्करी छावणीचे होते. 305 साली सिंहासनाचा त्याग करून डायोक्लेशियन येथे राहू लागला. पुढे पुन्हा सत्ता हाती घेण्याची गळ घातली गेली, तेव्हा स्वतः लावलेल्या भाजीचा दाखला देऊन त्याने ती नाकारली, असे एका प्राचीन इतिहासग्रंथात नोंदले आहे.

सातव्या शतकात आवार आणि स्लाव यांच्या स्वाऱ्यांत जवळचे सालोना शहर उद्ध्वस्त झाले आणि तेथील निर्वासितांनी या तटाचा आसरा घेऊन दालनांतच संसार थाटले. ज्याने 303 पासून ख्रिस्ती धर्मीयांचा छळ आरंभला, त्याच सम्राटाची अष्टकोनी समाधी पुढे कॅथीड्रल, म्हणजे बिशपच्या अधिकारातील मुख्य चर्च, झाली आणि त्याच छळात मारल्या गेलेल्या संत डोम्नियसच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. इतिहासाने केलेला इतका पुरेपूर न्याय क्वचितच पाहायला मिळतो.

तळघरांची हकीकत याहूनही बोलकी आहे. जमीन समुद्राकडे उतरती असल्याने सम्राटाची दालने समपातळीवर आणण्यासाठी त्यांच्याखाली कमानदार छतांची तळघरे बांधली गेली आणि त्यांचा आराखडा वरच्या दालनांशी जुळता ठेवला गेला. वर राहणाऱ्या पिढ्यांनी छताला भोके पाडून शतकानुशतके केरकचरा व सांडपाणी खाली सोडले. विसाव्या शतकात त्यांचा मोठा भाग उपसला गेला, तेव्हा वरची नामशेष झालेली शाही दालने कशी होती, याचा उलगडा अभ्यासकांना या तळघरांवरूनच झाला.

अशा वास्तूत रात्र काढणाऱ्याला एकाच भिंतीत ब्राच बेटावरचा रोमन चुनखडीचा चिरा आणि त्याला टेकून रचलेले मध्ययुगीन बांधकाम हाताने चाचपता येते, आणि पेरिस्टाइल, म्हणजे स्तंभांनी वेढलेला मुख्य चौक, ओलांडताना इजिप्तहून आणलेला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स अगदी जवळून दिसतो. मात्र या मुक्कामाचे खरे मोल शेजाराचे आहे, दगडांचे त्यानंतर. खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कपडे, अरुंद गल्लीत पलीकडच्या स्वयंपाकघरातून येणारे आवाज, ही सगळी त्या सातव्या शतकातील निर्वासितांच्या संसारांचीच परंपरा आहे. 1979 साली युनेस्कोने ही वास्तू आणि भोवतालचे जुने शहर जागतिक वारसा यादीत घेतले. परंतु घरामागून घर पर्यटकांसाठी भाड्याने जाऊ लागल्याने येथील कायमचे रहिवासी कमी होत चालले आहेत, आणि ही हानी कोणत्याही ढासळलेल्या कमानीपेक्षा गंभीर मानली पाहिजे. म्हणून येथे मुक्कामाला जाणाऱ्याने शक्यतो घरमालकाचे कुटुंब जेथे स्वतः राहते अशाच घरातील खोली घ्यावी, ऐन उन्हाळ्यातील गर्दीचा काळ टाळावा आणि रात्री गल्ल्यांतून जाताना आवाज खाली ठेवावा.