आत्याचा हादगा

गाणी लिहून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं, एवढंच ठरवून मी बंगळूरहून निघाले होते. आमच्या मंडळातला मुलींचा भोंडला यंदा माझ्या गळ्यात पडला होता. हुबळीला उतरले, चिगरी बस पकडली आणि वीसेक किलोमीटरवरच्या धारवाडला, माळमड्डीत आत्याच्या दारात हजर झाले. (वाटेत लाइन बाजारचा पेढा घेतला. तो घेतल्याशिवाय आमच्याकडे धारवाडला गेल्याचं कुणी मानतच नाही!)

आत्या 81 वर्षांची. लग्न होऊन मिरजेहून इथे आली, म्हणून तिच्याकडे भोंडला नाही, हादगा. 27 सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो, तेव्हापासून सोळा दिवस. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. सगळी मिळून 136 वेळा गाणी म्हणायची!

चहा झाल्यावर मी फोन पुढे धरला. "सांग आत्या." गणपतीचं पहिलं गाणं तिने म्हटलं. दुसऱ्याच्या मध्येच थांबली. पुढचं काही आठवेना. माझ्याकडे बघून ओशाळं हसली. गेल्या वर्षापासून ती नावंही विसरते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला ते त्या क्षणी खरं वाटलं.

मग तीच म्हणाली, "बसून नाही यायचं ते. ऊठ."

अंगणात पाटावर खडूने हत्ती काढला. शेजारच्या दोन कन्नड मुली आणि त्यांची आई आली. हात धरले, तोंडं हत्तीकडे. डावं पाऊल बाजूला, उजवं त्याच्याजवळ. बस, एवढंच. मला वाटलं, यात शिकायचं काय? पण नवरात्रात गरबा खेळून माझे पाय सोकावलेले. मी सारखी पुढे पळायची आणि आत्याचा हात ओढला जायचा.

"सावकाश गं!" ती ओरडली. शेजारच्या मुली हसल्या, कारण त्यांच्या धारवाडी कन्नडमध्येही तो शब्द सावकाशच.

आणि फेर धरल्यावर दुसरं गाणं आलं. तिसरं आलं. सासर-माहेरचं ते लांबलचक गाणंही एकही कडवं न गाळता आलं. एकदा मी थांबले तर तीही अडखळली. पाऊल पडलं तशी पुढची ओळ आली. फोन खिशातच राहिला.

गरब्यातही मुळात मातीच्या घटातल्या दिव्याभोवतीच फिरतात. मराठी बोलणारे कोकणातले बेने इस्राएल ज्यूधर्मीय आहेत. ज्यूंच्या सिम्हात तोरा या सणाला, साधारण याच दिवसांत, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या हातात घेऊन सात फेरे घालतात. मध्ये काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवलं.

मी एका दिवसाऐवजी पाच दिवस राहिले. बाराच गाणी मिळाली. बाकीची तिला फेरातही आली नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही.

शेवटच्या संध्याकाळी खिरापत ओळखायची होती. "गोड की तिखट?" मी विचारलं. "तिखट," आत्या म्हणाली. आम्ही चिवड्यापासून भडंगापर्यंत सगळं सांगून दमलो. डबा उघडला तर आत मी आणलेला पेढा! आत्या टाळ्या वाजवून हसत होती. मुद्दाम फसवलं की विसरली, ते मी विचारलं नाही.