आजोबांची मॉरिस आणि डब्याएवढा हीटर

मुंबई-पुण्याच्या मुलांना वाटतं, विदर्भ म्हणजे नुसतं ऊन! पण दोस्तांनो, डिसेंबर-जानेवारीत एकदा आमच्या गोंदियाकडे येऊन पाहा. विदर्भातलं सगळ्यांत कमी तापमान कित्येकदा गोंदियातच नोंदलं जातं. पारा सात-आठ अंशांवर उतरतो. त्यात आमच्याकडे तळी पुष्कळ आणि भोवती धानाची शेतं. पहाटे असं धुकं पडतं की अंगणातलं तुळशीवृंदावनही दिसेनासं होतं.

ही गोष्ट १९९३ च्या डिसेंबरातली. मी तेव्हा आठवीत होते. आमचं कुडवा गोंदियाच्या अगदी वेशीवर. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्या वेळी आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो.

आमच्या घरी आजोबांची मॉरिस मायनर होती, १९५४ सालची. पुढची काच दोन तुकड्यांची. वळायचं असलं की दाराजवळच्या खांबातून छोटासा हात बाहेर यायचा! तोच तिचा इंडिकेटर. ही गाडी बनवणारे इंजिनियर ॲलेक इसिगोनिस. १९४८ ते १९७१ पर्यंत इंग्लंडमध्ये अशा सोळा लाखांहून जास्त मायनर बनल्या. आमच्या मॉरिसमध्ये कारखान्यातूनच बसवून आलेला हीटर होता. डॅशबोर्डखाली एखादा हंडा टांगावा तसा! आजोबांना त्याचा फार अभिमान. आजीला दमा होता. दर महिन्याला तिला नागपूरच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. पहाटे साडेचारला निघायचं आणि तिरोडा, तुमसर, भंडारा करत नागपूर गाठायचं. तेव्हा तो हीटर म्हणजे आजीची शालच!

पण त्या वर्षी हीटर गळायला लागला. पायाखालची चटई ओली व्हायची, काचेवर वाफ धरायची. मिस्त्रीभाऊ आले. ते वाकून आत पाहत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते.

"हीटर म्हंजे काही जादू नाही बेटा," ते म्हणाले. "समोर मोठा रेडिएटर हाय ना, तसाच हा आतमंदी छोटा रेडिएटर. इंजिन तापते, त्याचं गरम पाणी पंप इकडे ढकलते. मागून पंखा हवा मारते. हवा गरम होते, झालं!"

म्हणजे इंजिनाची जी उष्णता एरवी वाया जाते, तीच आपल्या पायांना मिळते. पुढे मी वाचलं की अगदी सुरुवातीच्या मायनरना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, तेवढ्यावरच काम चालायचं. हीटर बसवता यावा म्हणून १९५० च्या अखेरीस त्यांना पंप देण्यात आला.

मिस्त्रीभाऊंनी हीटर काढून उलटा केला, तर आतून तपकिरी गाळ आणि पांढरे खडे पडले. नळ्या कुजल्या होत्या. सोल्डर करून पाहिलं. एक भोक बुजलं की शेजारी दुसरं!

"गाडीची चूक नाही बाबूजी," मिस्त्रीभाऊ म्हणाले. "कोणतं पाणी टाकत होते?"

आजोबा गप्प. दर वेळी आमच्याच विहिरीचं पाणी भरलं जायचं. त्या पाण्यानं घरातल्या हंड्यालाही पांढरा थर धरायचा. इतकी वर्षं तोच थर हीटरमध्ये साचत होता.

मिस्त्रीभाऊंनी सुचवलं, "नागपूरला छोटा हीटर भेटते. डोंगराकडच्या जीपमंदी लावते तसा. कोणत्याही गाडीले बसते."

"माझ्या मॉरिसमध्ये जीपचा डबा? मुळीच नाही!" आजोबा कडाडले. "चाळीस वर्षांची गाडी आहे. तिचं मूळ अंग काढून तिथं परकी वस्तू बसवायची नाही."

मग मिस्त्रीभाऊंनी हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या आपसांत जोडल्या. पाणी गळायचं थांबलं, पण गाडी थंडगार!

पुढच्याच आठवड्यात नागपूरची फेरी आली. बाबा गाडी चालवत होते, शेजारी आजोबा, मागे आजी आणि मी. चौघांच्या श्वासांनी थोड्याच वेळात काच पांढरी झाली. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तसंच हे. श्वासातली वाफ गार काचेला लागली की तिचं पाणी होतं. आजोबा फडक्यानं काच पुसत होते. खिडकी उघडली की काच जरा बरी व्हायची, पण आजीला खोकल्याची उबळ यायची. म्हणून खिडकी पुन्हा बंद.

तिरोड्याच्या अलीकडे बाबांनी एकदम ब्रेक दाबला. मी पुढच्या सीटवर आदळले. काच पुसून पाहिलं, तर समोर हाताच्या अंतरावर धानाच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी! तिला ना दिवा, ना काही. गाडीवान पोत्यांवर घोंगडी पांघरून बसला होता. त्याला तर काही कळलंही नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहिल्या.

कुणीच काही बोललं नाही. आजी फक्त खोकत होती.

परत आल्यावर आजोबा रात्री बराच वेळ गाडीजवळ उभे होते. सकाळी मला म्हणाले, "बाळ, मिस्त्रीला बोलाव. आणि ऐक, पाण्याची चूक माझी होती. हट्टही माझाच."

पण त्यांनी दोन अटी घातल्या. गाडीला एकही नवं भोक पाडायचं नाही, आणि जुना हीटर फेकायचा नाही. "उद्या कुणाला तो दुरुस्त करून परत बसवावासा वाटला, तर बसवता आला पाहिजे."

नवा हीटर नागपूरहून आला. केवढासा! आमच्या शाळेच्या डब्याहून थोडा मोठा. मिस्त्रीभाऊंनी लोखंडी पट्टी वाकवून तो जुन्याच बोल्टांवर टांगला. नळ्याही जुन्याच भोकांतून आत घेतल्या. नव्या हीटरची तोंडं जरा मोठी होती, म्हणून मध्ये जोड घातले. पंख्यासाठी वेगळा फ्यूज लावला. विहिरीच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. इंजिन सुरू केलं, आम्ही सगळे हात पुढे करून बसलो, आणि हवा आली थंड!

मिस्त्रीभाऊंनी दोन्ही नळ्यांना हात लावला. एक गरम, दुसरी गार. "हवा अडकली," ते म्हणाले. नळीत हवेचा बुडबुडा अडकला की पाणी पुढे सरकत नाही. मग इंजिन पूर्ण निवू दिलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. उकळतं पाणी तोंडावर उडतं. आम्ही गाडी तळ्याच्या पाळीच्या चढावर नेली, नाक वर करून उभी केली, झाकण काढलं आणि इंजिन चालू केलं. गुडगुड करत बुडबुडे वर आले. दोन्ही नळ्या गरम झाल्या!

हवा आता गरम होती, पण जेमतेम. कुणी लांबून फुंकर मारावी तशी. काच काही साफ होईना. मिस्त्रीभाऊ वैतागले, "मोटारच कमजोर दिसते."

मला शाळेतला प्रयोग आठवला. छोट्या मोटारीचे सेल उलटे घातले की ती उलटी फिरते. मी भीत भीत विचारलं, "काका, पंखा उलटा तर फिरत नसेल?"

मिस्त्रीभाऊ दोन क्षण माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. आजच्या गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. मॉरिसमध्ये उलट: धन बाजू पत्र्याला! मिस्त्रीभाऊंना हे ठाऊक होतं, पण हात सवयीनं चालला. काळी तार पत्र्याला, लाल तार स्विचला. गोल पिंजऱ्यासारखा तो पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा फेकतोच, म्हणून चटकन कळत नाही. त्यांनी आधी टेस्ट लॅम्प लावून मोटारीच्या टोपणात करंट येत नाही ना, हे पाहिलं आणि तारांची अदलाबदल केली. स्विच दाबला मात्र, भस्सकन गरम हवा आली! माझी कागदं उडाली.

"बाबूजी, हिले माझ्या गॅरेजमंदी पाठवा!" मिस्त्रीभाऊ हसत म्हणाले. आजोबा काहीच बोलले नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी गाडीच्या हत्यारांच्या पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. ती पेटी ते बाबांनाही उघडू देत नसत.

जानेवारीत पुन्हा नागपूरला निघालो. धुकं तसंच होतं. काच मात्र खालच्या कोपऱ्यांपासून हळूहळू साफ होत वर गेली आणि समोरचा रस्ता दिसू लागला. तिरोड्याच्या अलीकडे आजीनं शाल काढून घडी करून मांडीवर ठेवली. आजोबांनी आरशातून ते पाहिलं. म्हणाले, "डबा बरा आहे."

आता आजी-आजोबा नाहीत. कुडव्यालाही शहराची घरं येऊन भिडली आहेत. मॉरिस मात्र आहे, आणि तो डबाही. जुना हीटर माळ्यावर लाकडी खोक्यात आहे. त्यावर आजोबांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "मॉरिस, १९५४. फेकू नये. विहिरीचं पाणी घालू नये."

तुमच्या घरीही एखादं जुनं घड्याळ, शिवणयंत्र किंवा रेडिओ असेल. बंद पडलं म्हणून लगेच भंगारात देऊ नका, आणि जुनं आहे म्हणून नुसतं पुसून कपाटातही ठेवू नका. आधी ते चालतं कसं, हे कुणाला तरी विचारा. आणि विचारताना माझ्यासारखं भीत भीत विचारू नका!